मॅडम, इलस्ट्रेशनला कुठलं कॉलेज बेस्ट?

सेकंड पीयूसीचे, म्हणजे कर्नाटकातल्या बारावीचे, पेपर संपत आले की समुपदेशक म्हणून हा प्रश्न माझ्याकडे येतोच. बेळगावातून येतो, खानापुरातून येतो, निपाणीकडचे पालक तर फोनवरच विचारतात. पूर्वी "चित्रकलेला स्कोप आहे काय?" एवढंच असायचं. आता मुलं नेमकं बोलतात. पुस्तकांसाठी, लहान मुलांच्या गोष्टींसाठी, गेमसाठी चित्रं काढायची आहेत, कुठलं कॉलेज बेस्ट? आणि पालक चप्पल घालायला बाहेर गेले की हळूच दुसरा प्रश्न येतो, चुकीचं निवडलं तर?

अशा अनेकांमधल्या एकीची गोष्ट सांगते. तिला गौरी म्हणू. नाव आणि घरचे तपशील बदललेत, आणि लिहायला तिची नि तिच्या पप्पांची परवानगी आहे.

गौरी खानापूर तालुक्यातली. दहावीपर्यंत मराठी शाळा, पुढे बेळगावात कॉमर्स. पप्पांचं हार्डवेअरचं दुकान. पहिल्यांदा दोघं आले ते एक जाडजूड फाइल घेऊन. आत भला मोठा तक्ता होता. मुंबईचं जेजे, अहमदाबादची राष्ट्रीय डिझाइन संस्था म्हणजे एनआयडी, बडोदा, पुणे, कोल्हापूर, पणजीचं गोवा कॉलेज ऑफ आर्ट, म्हैसूरची चामराजेंद्र अकादमी, बेंगळुरूची चित्रकला परिषद. प्रत्येकापुढे फी, होस्टेल, प्लेसमेंट, रँकिंग, लोकांची मतं. हिरवे, पिवळे, लाल रंग भरलेले. कॉमर्सची पोरगी, तक्ता देखणा होता यात वाद नाही.

"वर्षभर हेच चाललंय की वो मॅडम," पप्पा म्हणाले. "आज एक वर, उद्या तेच खाली. तुम्ही एक नाव सांगून टाका. तेवढं ठरलं की मी पैशाच्या मागे लागतो."

नाव सांगणं सोपं होतं. पण इतक्या वर्षांत मी एक शिकलेय, की माहिती पुरेशी असूनही निर्णय होत नसेल तर आणखी माहिती देऊन उपयोग नसतो. मी अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिसच्या विचारांना मानणारी. माणूस परिस्थितीपेक्षा परिस्थितीबद्दलच्या आपल्या हट्टानं जास्त अडतो, हे एलिस सांगून गेला आणि माझ्या खोलीत ते रोज खरं होताना दिसतं. गौरीचा हट्ट काय होता, ते आधी शोधायचं होतं.

तक्त्यातला एक घोळ मात्र लगेच दाखवला. आपल्याकडे बहुतेक कला महाविद्यालयांत 'इलस्ट्रेशन' अशी वेगळी पदवी नसते. ती उपयोजित कला, म्हणजे अप्लाइड आर्टच्या चार वर्षांच्या पदवीत येते. पहिलं वर्ष पायाभूत, आणि पुढे टायपोग्राफी, फोटोग्राफी, इलस्ट्रेशन असे विषय निवडायचे. एनआयडीत ती ग्राफिक डिझाइन किंवा अॅनिमेशनच्या अंगानं शिकायला मिळते. बडोद्याला पेंटिंग वेगळं, अप्लाइड आर्ट वेगळं. त्यामुळे कॉलेजांची नावं एकाखाली एक लिहून तुलना होत नाही. कुठल्या विभागात आणि कुठल्या वर्षी काय शिकवतात, हे बघावं लागतं. गौरीनं तिथल्या तिथे आणखी एक रकाना आखला. पप्पांनी कपाळाला हात लावला.

पुढच्या वेळी तिला एकटीलाच बोलावलं. इकडचं तिकडचं झालं, मग विचारलं, "समज, मी आत्ता एक नाव सांगितलं. आणि ते शंभर टक्के बरोबर आहे, देवानंच येऊन सांगितल्यासारखं. उद्या सकाळी उठून तू काय करशील?"

"फॉर्म भरीन."

"मग?"

"मग... परीक्षेची तयारी."

"मग?"

बराच वेळ ती गप्प राहिली. पेनाचं टोपण काढायची, लावायची. शेवटी म्हणाली, "मग चित्रं दाखवावी लागतील. माझी."

"आणि?"

"आणि ते म्हणाले, हिला येत नाही, तर?"

सगळं इथे अडलेलं होतं. तक्ता संपत नव्हता, कारण तो संपला की तिची परीक्षा सुरू होणार होती. तुलना चालू आहे तोवर तिला कुणी नापास करू शकत नव्हतं. बाहेरून ही काटेकोर तयारी दिसते, पालकांना कौतुकही वाटतं, पण आत भीती लपून बसलेली असते. नाकारलं जायला नकोच, आणि निवड चुकायला तर अजिबात नको, हा तिचा हट्ट. नाकारलं जाऊ नये असं वाटणं अगदी रास्त आहे. तशी हमी मिळाल्याशिवाय पाऊलच उचलणार नाही म्हटलं की गाडी रुतते. गौरीला मी हे व्याख्यान दिलं नाही. "हमी देणारं कॉलेज तुझ्या तक्त्यात आहे का?" एवढंच विचारलं. तिनं खरंच फाइल उघडली, वरपासून खालपर्यंत बोट फिरवलं, आणि हसली. मला वाटतं, त्या हसण्यातच निम्मं काम झालं.

त्याच दिवशी तिनं मोबाईलवर आपली चित्रं दाखवली. जपानी धाटणीचे चेहरे, मोठाले डोळे, सफाईदार रेषा. छान होती, पण तशी माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक दुसऱ्या मुलाकडे असतात. "हे सगळं शेअर केलेलं झालं. न केलेलं काही आहे?" म्हटलं. लाजत लाजत तिनं अकाउंटन्सीची वही काढली. मागच्या पानांवर पेनानं चौकटी आखलेल्या. आत्या मांडे करतेय. पहिल्या चौकटीत पुरणाचा गोळा, पुढे दोन्ही हातांवर फिरत फिरत मोठा होत गेलेला मांडा, मग तो उलट्या खापरावर पडतानाचा क्षण, आणि शेवटी नुसता आत्याचा चेहरा, धगीनं डोळे बारीक झालेला. खाडाखोड भरपूर, एका हाताला बोटं सहा. पण आधी काय, मग काय, हे कुणी न सांगता कळत होतं.

"यातलं काय तुला कुणीतरी आणखी शिकवावंसं वाटतं?"

"हे," ती वहीवर बोट ठेवून म्हणाली. क्षणभरही थांबली नाही. वर्षभर एका कॉलेजवर न ठरणारी मुलगी!

तिथून तक्ता आपोआप आटला. चित्रांतून गोष्ट सांगायला शिकायचं आहे, हे ठरलं की पेंटिंगचे विभाग गळतात आणि उरलेल्यांना विचारायचे प्रश्न बदलतात. म्हणून तुम्हालाही सांगते. रँकिंग बाजूला ठेवा आणि त्या कॉलेजच्या शेवटच्या वर्षाच्या मुलांची कामं बघा. वार्षिक प्रदर्शन असतं, जमलं तर गाडी पकडून जा. सगळ्यांची चित्रं एकाच हातची वाटतात, की प्रत्येकाचा हात वेगळा दिसतो? तिथे शिकणाऱ्या एखाद्या मुलाला विचारा, गेल्या आठवड्यात वर्गात काय केलंत? "कॉलेज कसं आहे?" विचारलं तर "मस्त" एवढंच उत्तर येतं. बाजारात, स्टँडवर बसून स्केचिंग करून घेतात का, शिकवतात कुठल्या भाषेत, लायब्ररीत चित्रांची पुस्तकं मुलांच्या हाताला लागतात का, हेही विचारा.

आपल्या भागातल्या मुलांसाठी दोन गोष्टी जास्तीच्या. महाराष्ट्रात बीएफएच्या, म्हणजे या कला पदवीच्या, प्रवेशाला सीईटी ही प्रवेश परीक्षा असते. बारावी कुठल्याही शाखेची चालते, आणि परीक्षेत वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र काढावं लागतं. हा वेळेशी सामना आहे, तेव्हा घड्याळ लावूनच सराव हवा. दुसरं म्हणजे, मराठी मातृभाषा असलेल्या सीमाभागातल्या विद्यार्थ्यांसाठी महाराष्ट्राच्या प्रवेश नियमांत वेगळी तरतूद आहे. ८६५ गावं महाराष्ट्राची की कर्नाटकाची, हा आपला वाद कोर्टात पडून आहे, पण ही वाट उघडी आहे आणि कितीतरी घरांना ती ठाऊकच नाही. गाव वादग्रस्त भागातलं असल्याचा दाखला आणि मातृभाषेचा दाखला लागतो. त्या वर्षीची माहितीपुस्तिका स्वतः वाचा, शेजाऱ्याच्या सांगण्यावर जाऊ नका. आणि महाराष्ट्राच्या ओढीनं म्हैसूर-बेंगळुरू आधीच खोडू नका. कन्नड तर आपल्या पोरांना शाळेपासून येतं. चित्रकला परिषदेच्या चित्रसंतेला जानेवारीत रस्ताभर चित्रं मांडलेली असतात, तिथे एक दिवस हिंडलं तरी पुष्कळ कळतं.

गौरीच्या पप्पांचा मुद्दा वेगळाच होता. "आपल्या भागातनं कोण पुढे गेलंय काय यात? का पुण्या-मुंबईच्या लोकांचीच कामं ही?"

मी रवी परांजपेंचं नाव सांगितलं. जन्म बेळगावचा, १९३५ चा. बेळगावातच चित्रकार के. बी. कुलकर्णींच्या हाताखाली शिकले. मग मुंबईत जाहिरातींच्या जगात, काही वर्षं नैरोबीत, शेवटी पुण्यात. बोधचित्रकार, म्हणजे इलस्ट्रेटर, म्हणून देशात नाव. पप्पांना यातलं काही माहीत नव्हतं. बेळगावात जन्म गेलेल्या माणसाला ते माहीत नसावं, याचं मला दरवेळी वाईट वाटतं. "म्हणजे गुरू इथंच मिळाला की!" ते म्हणाले. मी म्हटलं, हो, आणि कॉलेज चार वर्षांचं असतं, तोवर रोज एक पान काढायला कुणाची परवानगी लागत नाही. कॉम्प्युटरच आता चित्रं काढतोय त्याचं काय, हेही त्यांनी विचारलं. त्यावर गौरीनंच उत्तर दिलं. "त्याला आत्या कुठं ठाऊक आहे पप्पा?" मी मध्ये पडले नाही.

फॉर्म तीन भरले. महाराष्ट्राची सीईटी, म्हैसूर, आणि हट्टानं एनआयडी. एनआयडीच्या पहिल्या फेरीतच ती गळली. त्या संध्याकाळी तिनं मला फोन केला तो रडायला नाही, तर स्मरणचित्रात माणसांची गर्दी कशी बसवायची हे विचारायला. मी म्हटलं, बाई, ते मला येत नाही, शाळेतल्या ड्रॉइंगच्या सरांना विचार. आता ती अप्लाइड आर्टच्या दुसऱ्या वर्षाला आहे. कुठं ते मुद्दाम सांगत नाही, नाहीतर पुढच्या मार्चमध्ये सगळे त्याच कॉलेजचा फॉर्म घेऊन येतील.