ड्वार्फ फोर्ट्रेसच्या लेजेंड्स मोडमध्ये हजारो नोंदी दिसतात, त्यातून गोष्ट कशी शोधायची?

ड्वार्फ फोर्ट्रेस हा गेम आधी आख्खं काल्पनिक जग आणि त्याचा इतिहास तयार करतो, मग आपण त्यात ड्वार्फांचा (बुटक्या खाणकऱ्यांचा) किल्ला चालवतो; लेजेंड्स मोड म्हणजे तो इतिहास वाचायची जागा. तुम्ही लिहिलंय की सर्वांत मोठं जग घेतलं, हजारभर वर्षांचा इतिहास तयार होऊ दिला आणि लेजेंड्स उघडलं, तर समोर फक्त नावांची लांबलचक रांग आली. लोक ज्या गोष्टी रंगून सांगतात त्या यात कुठे असतात, असा तुमचा प्रश्न आहे. हा गेम गोष्ट लिहीत नाही. तो घटना नोंदवतो आणि कोणती घटना कोणाशी, कोणत्या जागेशी, कोणत्या वस्तूशी जोडलेली आहे ते जपून ठेवतो. धागा पकडायचं काम आपलं. पण धागा हाताला लागेल असं जग तयार करणंही आपल्याच हातात असतं, आणि माझ्या मते तुमची गाडी तिथेच अडली आहे.

आधी आकार बघा. पॉकेट जग १७×१७ चौकटींचं असतं, स्मॉलर ३३×३३, स्मॉल ६५×६५, मीडियम १२९×१२९ आणि लार्ज २५७×२५७. म्हणजे लार्ज हे स्मॉलच्या साधारण पंधरा-सोळा पट. वस्त्या, राज्यं आणि माणसं त्याच अंगाने वाढतात. वाचण्यासाठी जग हवं असेल तर स्मॉलर किंवा स्मॉल घ्या आणि इतिहास १०० ते २५० वर्षांचा ठेवा.

हजार वर्षं का नकोत? ड्वार्फ साधारण दीडशे ते एकशेसत्तर वर्षं जगतात, माणसं ६० ते १२०. एल्फ (वनात राहणारी जमात) आणि गॉब्लिन (हल्लेखोर जमात) मात्र म्हातारपणाने मरतच नाहीत. त्यामुळे हजार वर्षांनंतर ज्या भांडणातून सगळं सुरू झालं त्यातले ड्वार्फ केव्हाच मातीत गेलेले असतात, आणि त्यांच्यावर चाल करून आलेला गॉब्लिन तेवढा जिवंत असतो. ड्रॅगन, हायड्रा यांसारखे महाकाय प्राणी एकेक करून मारले जातात. वर नेक्रोमॅन्सर (प्रेतं उठवणारे मांत्रिक) वाढत जातात, आणि जग जितकं जुनं तितकी प्रेतांच्या सैन्याने बुडवलेली राज्यं जास्त. कधी कधी ड्वार्फांची आख्खी संस्कृतीच संपते. अशा राज्यातून किल्ला मांडला तर सुरुवातीच्या लाटांनंतर स्थलांतरित येणं थांबतं. याउलट शंभर वर्षांच्या जगात पहिल्या युद्धात लढलेला ड्वार्फ धडधाकट असतो आणि एखाद्या वसंतात तुमच्याच दारात काम मागायला येऊ शकतो. ही शक्यता मला हजार वर्षांच्या इतिहासापेक्षा फार मोलाची वाटते.

जग तयार करतानाच्या सविस्तर सेटिंगमध्ये दोन गोष्टी तपासा. बिनमहत्त्वाच्या ऐतिहासिक व्यक्ती काढून टाकण्याचा पर्याय बंद हवा, नाहीतर वंशावळीत मधेच भोकं पडतात. सगळ्या ऐतिहासिक घटना उघड करण्याचा पर्याय चालू हवा.

आता कारणं कुठून येतात ते पाहू, कारण मला या गेमचं खरं सौंदर्य तिथे दिसतं. एल्फ आणि ड्वार्फांचं वैर कोणी कथा म्हणून लिहिलेलं नाही. गेमच्या फोल्डरमध्ये एंटिटी डिफॉल्ट नावाची साधी मजकूर फाइल आहे. तीत प्रत्येक संस्कृतीला काय मान्य आणि काय अक्षम्य, हे एकेका ओळीत दिलेलं आहे. झाडं तोडणं एल्फांना सहन होत नाही. ड्वार्फांचं त्यावाचून चालत नाही. युद्धात मारलेल्या शत्रूला खाणं एल्फांना चालतं, ड्वार्फांना ते कल्पनेपलीकडचं वाटतं. शेजारी राज्यांचे असे नियम आपटले की संबंध बिघडतात आणि पुढे युद्ध होतं. तुम्हाला स्वतःचा इतिहास घडवायचा असेल तर या ओळी बदलून बघा. मात्र मूळ फाइलला हात न लावता तिची प्रत मॉड (खेळाडूने गेममध्ये केलेला बदल) म्हणून वापरा, आणि बदल नव्या जगातच दिसतील हे लक्षात असू द्या.

लेजेंड्स वाचताना व्यक्तींच्या यादीपासून सुरुवात करू नका. तिथे जन्म, लग्न आणि मृत्यू यांतच माणूस बुडतो. कलाकृतींच्या यादीपासून सुरुवात करा. ती लहान असते, आणि प्रत्येक वस्तूमागे बनवणारा, बाळगणारा, बऱ्याचदा चोरणारासुद्धा असतो. त्यातही एखादी शिलापाटी सापडली तर तिथेच थांबा. जीवन-मृत्यूचं रहस्य कोरलेल्या पाटीची साखळी साधारण अशी उलगडते: एक माणूस मृत्यूच्या देवाची उपासना करतो, एका वर्षी नोंद येते की त्याला स्वतःच्या मरणाचा ध्यास लागला, देव त्याला पाटी देतो, तो रहस्य शिकतो, गाव सोडतो, मनोरा उभा राहतो, शिष्य येतात, आणि मग तो पुस्तकं लिहायला बसतो. त्या पुस्तकांची नावं आणि विषय उघडून बघाच. कुठे वैरी राजाचं चरित्र असतं, कुठे स्वतःच्याच आयुष्यावरचं लिखाण. इथून त्याच्या गावावर क्लिक करा आणि तो गेल्यानंतर मागे राहिलेल्या बायकोमुलांचं काय झालं ते शोधा. गोष्ट बहुतेक वेळा तिथे असते.

एक पथ्य पाळा. नोंदीत काय घडलं ते असतं, मनात काय होतं ते क्वचितच. हेतू कल्पनेने भरा, घटना मात्र बदलू नका. वर्ष, कोण, कुठे, काय केलं, गेमने दिलेलं कारण, एवढे पाच रकाने वहीत आखले तरी पुरतात.

हे सगळं गेममध्येच चाळणं जड जातं, म्हणून लेजेंड्स मोडमधून माहिती एक्सएमएल फाइलमध्ये काढा आणि लेजेंड्स व्ह्यूअर या वेगळ्या प्रोग्रॅममध्ये उघडा. तिथे नातेसंबंध, युद्धं आणि लढाया दुव्यांनी जोडलेल्या दिसतात. डीएफहॅक (गेमला जोडायचं वेगळं साधन) असेल तर त्याची एक्सपोर्टलेजेंड्स ही आज्ञा आणखी एक जोडफाइल काढते, तीही सोबत ठेवा. काढलेली एक्सएमएल फाइल ब्राउझरमध्ये किंवा साध्या एक्सएमएल वाचकात उघडू नका: मोठ्या जगाची फाइल अवाढव्य असते, आणि मजकूर जुन्या सीपी-४३७ अक्षरसंचात असल्याने नावांतली स्वरचिन्हं बिघडतात किंवा फाइल वाचलीच जात नाही.

खेळ चालू असताना उगवणारी गोष्ट वेगळ्या जातीची. याचं २०१५ च्या डिसेंबरमधल्या आवृत्तीनंतरचं उदाहरण फार बोलकं आहे. त्या आवृत्तीत मद्यशाळा आल्या आणि किल्ल्यांतली मांजरं मरू लागली. गेमचा प्रोग्रॅम लिहिणारे टार्न अ‍ॅडम्स यांनी तपास केल्यावर साखळी कळली: ड्वार्फ पिताना मद्य जमिनीवर सांडत, मांजरांचे पंजे त्यात भिजत, मांजर अंग चाटून साफ करी, आणि हिशेबातल्या चुकीमुळे पंजावरचा तो थेंब पूर्ण पेल्याएवढा धरला जाई. शरीराच्या आकारानुसार नशा मोजणारा नियम आधीच होता, मग एवढ्याशा जिवाचं काय होणार! चूक पेल्याच्या मापात होती, बाकीचा प्रत्येक नियम आपापल्या जागी बरोबर चालला होता. स्वतंत्र नियम एकमेकांना असे भेटतात तेव्हा कोणी न लिहिलेली घटना घडते.

सगळे गेम याच वाटेने जात नाहीत. रिमवर्ल्ड या वसाहत चालवायच्या गेममध्ये मागचा इतिहास जवळपास नसतोच. कॅसँड्रा किंवा रँडी असा ‘कथाकार’ निवडायचा आणि तो संकटांचा वेग ठरवतो. केव्ह्ज ऑफ कड या गेमची पद्धत मला जास्त विचार करायला लावते. तिथे प्राचीन सुलतानांच्या आयुष्यातली घटना आधी निवडली जाते आणि तिचं कारण मागाहून, सुलतानाबद्दल तोवर ठरलेल्या माहितीतून, जुळवलं जातं. ड्वार्फ फोर्ट्रेस म्हणजे शकावली: तारीखवार, कोरडी, पण घडलेलं तेवढंच. केव्ह्ज ऑफ कड म्हणजे बखर: मागाहून रचलेली, म्हणून वाचायला लगेच गोड, पण खोल खणलं तर खाली सिम्युलेशन नाही. तुम्हाला तपास करायला आवडत असेल तर पहिलीच निवडा.

सापडलेला धागा किल्ल्यात आणण्यासाठी जागा निवडताना शेजाऱ्यांची यादी वाचा आणि तुमच्या साखळीतलं राज्य किंवा मनोरा तीत असेल अशी जागा घ्या; किल्ल्याच्या जागेला ४×४ चौकटी पुरतात. आतल्या भिंती गुळगुळीत करून कोरीवकाम लावा. ड्वार्फ विषय स्वतः निवडतात आणि त्यात जुन्या घटना येतात. भोजनगृहातल्या एखाद्या चौकटीवर कोणी कोणाला मारलं ते वर्षासकट निघालं की ते नाव लेजेंड्समध्ये शोधता येतं. विशिष्ट व्यक्ती हवी असेल तर पुतळ्याच्या ऑर्डरच्या तपशिलात ती निवडा.

शेवटची अडचण तुम्हाला येणारच: किल्ला चालू असताना त्या जगाचं लेजेंड्स उघडता येत नाही, आधी किल्ला निवृत्त करावा लागतो किंवा सोडावा लागतो. म्हणून दरवर्षी सेव्ह फोल्डरची प्रत काढा, प्रतीमध्ये किल्ला निवृत्त करून लेजेंड्स वाचा आणि मूळ सेव्हमध्ये खेळ चालू ठेवा. प्रतीच्या नावात वर्ष घाला, म्हणजे दोन प्रती शेजारी उघडून मधल्या काळात बाहेरच्या जगात काय बदललं तेही तपासता येतं.