कोल्हापुरातील आमच्या हौशी नाट्यसंस्थेने मला मुख्य भूमिकेसाठी ‘अंडरस्टडी’ नेमले आहे. ‘स्टँडबाय’पेक्षा हे काम वेगळे कसे?

अंडरस्टडी हा बहुधा त्याच नाटकात स्वतःची एखादी लहान भूमिका करत मोठी भूमिका तयार ठेवतो, तर स्टँडबायला त्या नाटकात दुसरी भूमिकाच नसते. मूळ नट काम करू शकला नाही, तरच स्टँडबाय रंगमंचावर येतो. हौशी नाटकांची रंगमंच व्यवस्था सांभाळताना मी पाहिले आहे की संवाद पाठ असूनही बदली नट अडतो तो हालचालींवर: कोणत्या वाक्याला उठायचे, चहाचा कप कोणत्या हातात घ्यायचा आणि प्रकाशझोतात नेमके कुठे थांबायचे. म्हणून प्रॉम्प्टरच्या (पडद्याआडून संवाद सुचवणाऱ्याच्या) संहितेतील खुणा स्वतःच्या प्रतीत उतरवून घ्याव्यात, आणि तुमच्या मापाचे कपडे तयार आहेत का, हे आधीच विचारावे (हे हमखास राहून जाते). मात्र ही विभागणी मुख्यतः लंडन-न्यूयॉर्कच्या व्यावसायिक रंगभूमीची आहे. आपल्याकडे असे राखीव नट सहसा नेमले जात नाहीत, त्यामुळे मुंबई-पुण्याहून कोल्हापुरात प्रयोगाला येणाऱ्या नाटकाचा मुख्य नट ऐनवेळी आजारी पडला, तर बहुतेकदा प्रयोगच पुढे ढकलावा लागतो.