रब्बी व्हायचंय, पण आजीचा केथुबा मागतात

पनवेलच्या मित्रा, आपल्या बेने इस्रायल, म्हणजे कोकणातल्या ज्यू समाजातला तू, इस्रायलला जाऊन रब्बीचं (ज्यू धर्मगुरूचं) शिक्षण घ्यायचं ठरवलंस आणि तिथल्या कचेरीने आईकडून ज्यू असल्याचा पुरावा म्हणून आईच्या आईचा केथुबा, म्हणजे लग्नाचा करारनामा मागितला, हे वाचलं नि माझे ते दिवस आठवले. हिब्रू, व्हिसा, येशिवातला (धर्मशिक्षणाच्या शाळेतला) प्रवेश याबद्दल सांगत नाही, ते तुला ठाऊक असणारच.

मला खरं छळलं ते त्या कागदाने. केथुब्यावर हिब्रूत फक्त 'अमक्याची मुलगी अमकी'. रेशनकार्डावर हाक मारायचं मराठी नाव आणि 'कर' लावलेलं आडनाव. खिडकीतल्या माणसाने दोन्ही कागद शेजारी ठेवले आणि म्हणाला, या दोन वेगळ्या बायका. वर विचारतो, सही करणारा रब्बी कोण? अरे, कोकणात आपल्याकडे रब्बी होते कुठे? लग्नं लावली आपल्याच समाजातल्या काजींनी, मग हज्जानांनी, म्हणजे प्रार्थना म्हणणाऱ्यांनी. शब्बाथ (शनिवारचा विश्रांतीचा दिवस), सुंता त्यांच्याच भरवशावर टिकली. १९६२ साली इस्रायलच्या मुख्य रब्बींकडून आपल्या लग्नांसाठी मागच्या पिढ्या तपासायचा हुकूम निघाला. १९६४ मध्ये आपले लोक जेरुसलेमला रस्त्यावर उतरले, तेव्हा त्या हुकुमातून बेने इस्रायलांचं नाव काढावं लागलं. तरी खिडकीवर तीच शंका! अजून चीड येते.

आपल्या मशिदीचं, म्हणजे ज्यू प्रार्थनास्थळाचं, जुनं लग्नाचं रजिस्टर आधी बघ. दोन्ही नावं एकाच बाईची, असं मशिदीच्या मुकादमांकडून (प्रमुखांकडून) लेखी घे. आजीला ओळखणारं कुणी हयात असेल तर त्यांचं प्रतिज्ञापत्र लगेच करून ठेव, ही माणसं पुन्हा मिळत नाहीत. मी वकील नाही, नियमही बदलतात, तेव्हा तिथे विचारून खात्री कर.

आणखी एक, पटलं तर घे. नुसत्या सेमिखाच्या, म्हणजे रब्बीपदाच्या सनदेच्या, मागे लागू नकोस. कश्रुथचे (खाण्यापिण्याचे) आणि शब्बाथचे नियम पाठ करून परीक्षा निघेल, पण लोकांना हवा असतो घरात मयत झाल्यावर येऊन बसणारा, पोराकडून बार मित्झ्वाचा (तेराव्या वर्षीच्या विधीचा) पाठ सुरात घोटून घेणारा माणूस. माझ्या मते रब्बी आधी मास्तर हवा. जोसेफ इझेकिएल राजपूरकर मुंबईत शाळेचे मुख्याध्यापक होते, आणि हिब्रू प्रार्थना मराठीत आणल्या त्यांनीच.

जाण्याआधी तुमच्या हज्जानांच्या चाली फोनवर रेकॉर्ड कर. शब्बाथला नाही, एखाद्या रविवारी घरी जाऊन. मलिद्याच्या (आपल्या नवस-आभाराच्या विधीच्या) वेळची 'एलियाहू हनाबी' ही प्रार्थना आधी घे, ती तुला तिथल्या येशिवात कुणी शिकवणार नाही.