गरोदरपणाच्या पहिल्या तपासणीत परिचारिकेने काय विचारावे आणि केअर प्लॅन कसा लिहावा?

जीएनएमच्या (परिचारिकेच्या पदविका अभ्यासक्रमाच्या) शेवटच्या वर्षाला असताना पहिल्या एएनसी, म्हणजे प्रसूतिपूर्व तपासणीचा केअर प्लॅन प्रत्येक बाईसाठी सारखाच लिहिला जातो आणि मॅडम तो परत करतात, तेव्हा असेसमेंटमध्ये नेमके काय पाहावे, असे तुम्ही विचारले आहे. मी नाशिक जिल्ह्यातील एका ग्रामीण रुग्णालयात अनेक वर्षे एएनसीची ओपीडी पाहते. माझ्या अनुभवाप्रमाणे प्लॅन सारखा होतो, कारण आपण सगळ्यांना सारखेच प्रश्न सारख्याच शब्दांत विचारतो. असेसमेंट त्या बाईची झाली, तर प्लॅन आपोआप तिचा होतो.

सुरुवात शेवटच्या पाळीच्या तारखेपासून करा, कारण पुढच्या सगळ्या तपासण्यांचे दिवस तिच्यावर ठरतात. २०२४ च्या फेब्रुवारीत सुरगाण्याकडची एक बाई आमच्याकडे नोंदणीसाठी आली होती; नवऱ्याबरोबर दिंडोरी तालुक्यात द्राक्षबागेच्या कामाला आली होती आणि मळ्यातच राहत होती. तारीख विचारल्यावर ती "दिवाळीनंतर कधीतरी" एवढेच म्हणाली. विद्यार्थिनीने कार्डावर तारीख माहीत नसल्याचे लिहायला घेतले होते, पण मी भिंतीवरचे कॅलेंडर काढून तिच्यापुढे ठेवले आणि भाऊबीजेला माहेरी गेली होतीस का, तेव्हा पाळी आली होती का, असे विचारत गेले. माहेरून परतल्यावर दुसऱ्या दिवशी पाळी आल्याचे तिला आठवले आणि १७ नोव्हेंबर ही तारीख मिळाली. तीत नऊ महिने आणि सात दिवस मिळवले की अपेक्षित तारीख २४ ऑगस्ट येते. पाळी अनियमित असेल किंवा तारीख जुळत नसेल, तर लवकरात लवकर सोनोग्राफी करून घ्यावी लागते. ही बाई बारा आठवड्यांच्या आत आली होती, त्यामुळे नोंदणी वेळेत झाली.

दुसरी गोष्ट म्हणजे काही प्रश्न बाई एकटी असतानाच विचारायचे. नोकरीच्या सुरुवातीला एका बाईची माहिती मी तिच्या सासूबाईंसमोर घेतली आणि "पहिलटकरीण" अशी नोंद केली. रक्तगट आरएच निगेटिव्ह आल्यावर तिला आत बोलावून पुन्हा विचारले, तेव्हा लग्नाच्या पहिल्याच वर्षी गर्भ पडल्याचे आणि त्यानंतर आरएच निगेटिव्ह बाईला द्यायचे अँटी-डी इंजेक्शन न मिळाल्याचे तिने हलक्या आवाजात सांगितले. माझी पहिली नोंद तशीच राहिली असती, तर कूम्ब्स तपासणीचे (आईच्या रक्तात बाळाच्या रक्तपेशींविरुद्ध प्रतिपिंडे तयार झाली आहेत का, हे पाहणाऱ्या चाचणीचे) महत्त्व कोणाच्याच लक्षात आले नसते. तेव्हापासून मी "मुले किती" असे न विचारता "आजवर किती वेळा दिवस गेले होते आणि प्रत्येक वेळी काय झाले" असे विचारते. आधीचे सिझेरियन, रक्तस्राव, झटके, दगावलेले बाळ हे सगळे त्याच ओघात कळते. घरात मारहाण होते का, हेही तेव्हाच विचारावे.

शब्दांची निवडही तितकीच महत्त्वाची आहे. "तंबाखू खाता का" या प्रश्नाला आमच्याकडच्या कितीतरी बाया प्रामाणिकपणे नाही म्हणतात, कारण मिशेरीला त्या तंबाखू समजत नाहीत. त्यामुळे मिशेरीचे नाव घेऊनच विचारा. कामाचेही तसेच आहे: केवळ "शेतमजूर" असे लिहून भागत नाही, औषध फवारणीच्या वेळी ती बागेत असते का, किती वजन उचलते, सकाळी काय खाऊन निघते, हे विचारल्याशिवाय सल्ला देता येत नाही.

मोजमापे तुम्हाला ठाऊकच असतील: उंची, वजन, पाच मिनिटे बसवून घेतलेला रक्तदाब, डोळ्यांतील व नखांतील फिकटपणा, पायांवरील सूज, लघवीतील अल्ब्युमिन व साखर, हिमोग्लोबिन, रक्तगट, एचआयव्ही, सिफिलिस, हिपॅटायटिस बी आणि ७५ ग्रॅम ग्लुकोजची चाचणी. सुरगाणा, पेठ, त्र्यंबकेश्वर या पट्ट्यातील बाईची सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराची चाचणी मात्र विसरू नका, आणि ती पॉझिटिव्ह आली तर नवऱ्याचीही करून घ्या.

आता प्लॅन. सुरगाण्याच्या त्या बाईचे हिमोग्लोबिन ८.६ आले. "ॲनिमिया" हे डॉक्टरांचे निदान झाले आणि लोहाचा डोस त्यांनी ठरवला. परिचारिकेचे निदान असे लिहायचे: सकाळी चहावर निघणे व दिवसात दोनदाच जेवणे यांमुळे पोषण कमी, त्याचा पुरावा म्हणजे हिमोग्लोबिन ८.६, फिकटपणा आणि चढ चढताना लागणारी धाप. कारण असे नेमके लिहिले की उपायही नेमका सुचतो. तिला आम्ही डाळिंब, खजूर सांगितले नाहीत. सकाळी नागलीची भाकरी आणि उसळ खाऊन निघायचे, जेवणात शेवग्याचा पाला घेऊन त्यावर लिंबू पिळायचे, लोहाच्या गोळीच्या आगेमागे तासभर चहा घ्यायचा नाही आणि चौथ्या महिन्यापासून मिळणारी कॅल्शियमची गोळी वेगळ्या वेळी घ्यायची, एवढेच सांगितले. टीडीचा (धनुर्वात व घटसर्प यांच्या लसीचा) पहिला डोस त्याच दिवशी दिला. रक्तस्राव, पोटात तीव्र वेदना, ताप किंवा न थांबणाऱ्या उलट्या झाल्यास १०८ ला फोन करायचा, हे तिच्याकडून आणि नवऱ्याकडून पुन्हा वदवून घेतले.

तिच्या प्लॅनमधली सर्वांत महत्त्वाची ओळ स्थलांतराची होती. हंगाम आटोपला की ती गावी परतणार होती, म्हणून माता व बाल संरक्षण कार्ड प्लास्टिकच्या पिशवीत घालून तिच्या हाती दिले, गावाच्या आशाताईंना तिच्यासमोरच फोन केला आणि पुढची तपासणी दोन्ही ठिकाणांपैकी कोठे होईल, हे तिच्याशी बोलून कार्डावर लिहिले.

मूल्यमापनाचा रकाना मात्र त्या दिवशी रिकामा ठेवा. "उद्दिष्ट साध्य झाले" असे पहिल्याच भेटीत लिहिलेले मी अनेक वह्यांमध्ये पाहते. चार आठवड्यांनी ती टीडीच्या दुसऱ्या डोसाला येईल, तेव्हा उरलेल्या गोळ्या मोजा, हिमोग्लोबिन पुन्हा पाहा, सकाळी काय खाऊन निघालीस ते विचारा आणि मग त्या रकान्यात लिहा.