टॅपेट वाजतायत म्हणून आवळू नका

"चार थाऊचा गेज बरोबर जातोय, तरी एक्झॉस्टचा टॅपेट टिकटिक करतो, अर्धा फेरा आवळू का?" जुन्या मोटारसायकलच्या इंजिनाबद्दलचं हे तुमचं वाक्य वाचून पोटात गोळाच आला. (टॅपेट म्हणजे व्हॉल्व्ह आणि तो दाबून उघडणारा रॉकर यांच्यातली जुळवायची फट, थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग, गेज म्हणजे ती फट मोजायची पातळ पट्टी.) नका आवळू. मी आवळून बसलोय.

माझी मोटारसायकल १९६६ची ट्रायम्फ बॉनव्हिल टी१२०. ती जिथे बनली ते मेरिडन गाव माझ्या इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्रीच्या घरापासून पाच-सहा मैलांवर, आणि तरी धड सांगणारा माणूस भेटला नाही, ही गंमत वेगळीच.

थंड इंजिन, इनलेट (आत घेणारा व्हॉल्व्ह) दोन थाऊ, एक्झॉस्ट (बाहेर सोडणारा) चार, हे सगळं तुम्हाला माहीत असणारच. ते सोडा. रॉकरचा ॲडजस्टर (फट कमीजास्त करायचा स्क्रू) काढून त्याचं टोक उजेडात धरा. व्हॉल्व्हच्या दांड्याचं डोकंही बघा. रॉकरचं टोक दर वेळी त्यावर घासत सरकतं, त्यामुळे कुठेतरी बशीसारखा खड्डा पडतो. गेजची पट्टी त्या खड्ड्याच्या काठांवर टेकते, म्हणून चार थाऊ दाखवते. खरा गॅप त्याहून मोठा असतो, आणि तोच वाजतो.

इथवर मीही पोचलो होतो. घोडचूक पुढे केली. एका गॅरेजवाल्याने टोकं ग्राइंडरवर सपाट करून दिली, पैसे घेऊन. टोकाचं कडक आवरण पातळ असतं, ते उडालं की आत मऊ लोखंड. थोड्याच दिवसांत टोकं मशरूमसारखी फुगली आणि टिकटिक परत सुरू. हे महाशय म्हणतात, "जुनी ब्रिटिश गाडी, वाजणारच. कानाने ऐकून थोडं आवळा." मी ऐकलं!

हिशेब करा: माझ्या ॲडजस्टरला इंचाला २६ आटे, म्हणजे एका फेऱ्याला साधारण ३८ थाऊ. मी जेमतेम एक अष्टमांश फेरा आवळला, तेवढ्यात चार थाऊ साफ. आवाज बंद झाला, मी खूश. पण गरम झाल्यावर व्हॉल्व्ह सीटवर (बंद होताना टेकतो त्या जागी) बसेना आणि त्याची उष्णता जायला वाटच उरली नाही. हेड उतरवलं तर व्हॉल्व्हच्या कडेला नख अडकेल एवढी खाच जळालेली. तुम्ही तर अर्धा फेरा म्हणताय.

नवे ॲडजस्टर घ्या, जुने घासू नका. मी एलिफंट फूटवाले बसवले. त्यांचा फिरता सपाट पाय दांड्यावर पूर्ण टेकतो, त्यामुळे गेज खरं बोलतो. माझ्या मते पैसे वसूल, पण मी मेकॅनिक नाही आणि रेसिंगवाले जास्तीच्या वजनाला नाकं मुरडतात. आटे मात्र आधी जुळवून बघा. इंचाला २६चे सायकल आटे आणि २४चे यूएनएफ, ही दोन वेगळी मापं, डोळ्याला सारखेच दिसतात, एक-दोन फेरे जातात आणि अडकतात. तिथे पान्याने जोर लावलात तर रॉकरही गेला. दांड्याच्या डोक्यावर खड्डा असेल तर व्हॉल्व्हही बदला, नुसत्या ॲडजस्टरने भागणार नाही.

आणि रॉकरबॉक्सची (रॉकर झाकणाऱ्या पेटीची) गोल टोपणं राइडनंतर हाताने तपासत जा. थरथरीने सैल होऊन रस्त्यात पडतात. माझी दोन गेली, एक गटारात सापडलं.