‘शके’ कोणाचे, आणि निर्वाण 527 की 662?

निपाणीहून विचारणा आहे: महावीरांचे निर्वाण एका पुस्तिकेत इसवी सनापूर्वी 527 छापले आहे, दुसरीत 662. आधार मात्र दोन्हींत एकच, ‘शकराजाच्या 605 वर्षे आधी’. मग हा ‘शक’ म्हणजे नेमके काय?

उत्तराआधी एक तक्रार. बेळगाव, चिक्कोडी, खानापूरकडे कन्नड फलकावरच्या ‘क्रि.श. 1204’चे मराठी ‘शके 1204’ करण्याची खोड पडली आहे. ती थांबलीच पाहिजे. क्रि.श. म्हणजे क्रिस्त शक, आपला इसवी सन. त्याचे ‘शके’ केलेत की बांधकाम 78 वर्षे पुढे सरकते आणि राजवटही बदलून बसते. बेळगावच्या किल्ल्यातल्या कमल बस्तीचे, म्हणजे तिथल्या जैन मंदिराचेच बघा. तिच्या लेखात शके 1127, रक्ताक्षी संवत्सर, पौष मास आहे. 1127 मध्ये डोळे मिटून 78 मिळवले तर 1205 येते. पण रक्ताक्षी येतो सन 1204 च्या पाडव्यापासून. म्हणजे इथे चालू वर्ष मोजले आहे, गत (पूर्ण उलटलेले) नव्हे, आणि तो पौष सन 1204 च्या डिसेंबरातला. संवत्सराचे नाव ताडून पाहिल्याशिवाय शकाचा आकडा वापरूच नये.

‘शक’ म्हणजे संशय हा अरबी शब्द वेगळा, तो सोडा. ‘शक् म्हणजे समर्थ असणे, म्हणून समर्थ राजाने चालू केलेला तो शक’ ही व्युत्पत्ती अजून छापली जाते, आणि ती साफ चुकीची आहे. खरा पुरावा शेजारच्या बागलकोट जिल्ह्यात, बदामीच्या तिसऱ्या लेण्यात आहे. चालुक्य मंगलेशाच्या सन 578 च्या लेखात काळ असा दिला आहे: ‘शकनृपतिराज्याभिषेकसंवत्सरेष्वतिक्रान्तेषु पञ्चसु शतेषु’. शक राजाच्या राज्याभिषेकापासून पाचशे वर्षे उलटली असता! शक ही बाहेरून आलेली जमात, तिच्या राजाची ही गणना. ‘अतिक्रान्तेषु’मुळे गत वर्षेही उघड सांगितली. पुढे हे लांबलचक शेपूट गळाले आणि उरली ती सप्तमी: शके, म्हणजे ‘शकात’. म्हणून ‘शके सालात’ म्हणणे म्हणजे विभक्तीवर विभक्ती चढवणे.

नंतर जमातीचे नाव कोणत्याही कालगणनेला चिकटले. विक्रम शक, क्रिस्त शक, आणि 1674 चा आपला राज्याभिषेक शक. माझे ठाम मत आहे की या शेवटच्या नावात बदामीचीच जोडी उलटून आली आहे: तिथे शकाचा राज्याभिषेक, इथे राज्याभिषेकाचा शक. योगायोग म्हणून हे झटकणाऱ्यांनी आधी ते दोन शब्द शेजारी मांडून पाहावेत.

निपाणीकरांचा घोळ इथेच आहे. जैन आचार्य नेमिचंद्रांच्या ‘त्रिलोकसार’ या ग्रंथात गाथा आहे: ‘पणछस्सयवस्सं पणमासजुदं गमिय वीरणिव्वुइदो सगराजो’. वीरनिर्वाणानंतर 605 वर्षे 5 महिने गेल्यावर शकराज. टीकाकार माधवचंद्रांनी हा शकराज म्हणजे विक्रमांक, अर्थात विक्रम संवताचा विक्रम, असे लिहिले. शक म्हणजे कोणतीही गणना, हा सैल अर्थ त्यांच्या कानात बसला होता. 605 मध्ये विक्रमाचे 57 मिळवले की 662. शालिवाहन शक धरून 605 मधून 78 वजा केले की 527. टीकाकार कितीही मोठे असोत, इथे ते चुकले. गाथेतले 5 महिनेच त्यांच्या विरोधात साक्ष देतात. निर्वाण दिवाळीच्या अमावास्येचे. तिथून कार्तिक, मार्गशीर्ष, पौष, माघ, फाल्गुन मोजा, बरोबर चैत्र पाडव्याला पोचता, आणि शक सुरू होतो तो पाडव्याला. म्हणून आजही दिवाळीपासून फाल्गुनाअखेर शकात 605 मिळवले की वीर निर्वाण संवत येते, चैत्रापासून दिवाळीपर्यंत 604. शके 1946 च्या दिवाळीनंतर 2551, ताडून पाहा.

पण 527 हाही परंपरेचा हिशेब आहे, हे विसरू नका. तो निर्वाणानंतरच्या राजवटींच्या वर्षांच्या बेरजेवर उभा आहे: पालक 60, नंद 155, मौर्य 108, पुष्यमित्र 30, बलमित्र-भानुमित्र 60, नहवाण 40, गर्दभिल्ल 13, शक 4. एकूण 470, पुढे विक्रम; त्याचे 57 मिळवले की 527. यात चंद्रगुप्त मौर्य 215 व्या वर्षानंतर येतो. जैन आचार्य हेमचंद्र मात्र निर्वाणानंतर 155 वर्षांनी चंद्रगुप्त राजा झाला असे सांगतात. फरक नेमका पालकाच्या 60 वर्षांचा. ती गाळली की निर्वाण 527 ऐवजी इसवी सनापूर्वी 467 ला येते. भर म्हणजे बौद्धांच्या पाली सामगामसुत्तात निगंठ नातपुत्त, म्हणजे महावीरच, पावा इथे वारल्याची बातमी बुद्धांपर्यंत पोचते, म्हणजे बुद्ध तेव्हा हयात. सिंहली (श्रीलंकेच्या) परंपरेचे बुद्धनिर्वाण इसवी सनापूर्वी 544 आणि महावीरांचे 527 हे दोन्ही आकडे एकाच पुस्तिकेत छापणाऱ्यांनी यांतला कोणता सोडणार ते सांगावे.