एक रुपया भर आणि वही बघ

इंदूर, रविवार दुपार

चि. होऊ घातलेल्या वकीलसाहेब,
अनेक आशीर्वाद.

गेल्या रविवारी तू तुझा घटनादुरुस्तीचा मसुदा माझ्या हातात दिलास, तेव्हा मी नुसतं "बरं" म्हणालो आणि पोह्यांवर जिरावण भुरभुरवत बसलो. तुला वाटलं असेल, काकांना आवडला. आवडला नव्हता. पण "पक्षच नकोत काका, घटनेतूनच काढून टाकायला हवेत" हे तू ज्या आवाजात म्हणालीस, त्या आवाजाला तोंडावर उत्तर द्यायची माझी हिंमत झाली नाही. आठवडाभर डोक्यात घोळतंय, म्हणून कागद घेतला.

तुझा राग खोटा नाही. तुझं आयुष्यातलं पहिलं मत 13 मे 2024 चं. त्याच्या दोन आठवडे आधी, 29 एप्रिलला, समोरच्या मोठ्या पक्षाच्या उमेदवारानं अर्ज मागे घेतला आणि निवडणुकीतली हवाच गेली. मग आपल्या इंदुरात 2,18,674 मतं नोटाला पडली. तोवर देशात कुठल्याच मतदारसंघात एवढी पडली नव्हती. दुसऱ्या नंबरच्या उमेदवाराला त्याच्या चौथाईसुद्धा मिळाली नाहीत. आणि निवडून यायचा तो पावणेबारा लाखांच्या फरकानं निवडून आलाच. तू दाबलंस नोटा, आणि पक्षांकडे जायच्या त्या नोटा जातच राहिल्या. नोटाला सगळ्यांहून जास्त मतं पडली तरी त्याच्या खालचा उमेदवार जिंकतो, हा नियम तुला निकालाच्या दिवशी कळला म्हणालीस. कायदा शिकणाऱ्या मुलीला! त्याचं मला त्या निकालापेक्षा जास्त वाईट वाटलं, खरं सांगतो.

आता मसुद्याचं. पहिलंच कलम: "राज्यघटनेतून राजकीय पक्षांचं स्थान रद्द." काढणार कुठून बाई? 26 जानेवारी 1950 ला जी घटना लागू झाली तिच्यात पक्षांचा उल्लेखच नाही. पक्ष घटनेत आले ते 1985 साली, 52 व्या दुरुस्तीनं, दहाव्या परिशिष्टातून. आणि आणले कशासाठी? राजकारण स्वच्छ करायला!

ती दुरुस्ती आली तेव्हा मी पेढे वाटले होते. कापड मार्केटात एका पेढीवर मुनीम होतो, दोन किलो पेढे आणले आणि अख्ख्या गल्लीला दिले. कारण 1967 मी पाहिलं होतं. आठवी-नववीत असेन. सत्ताधारी पक्षाचे 36 आमदार फुटले आणि भोपाळचं सरकार पडलं. वडील रेडिओजवळ बसून कपाळावर हात मारत होते, ते चित्र अजून डोळ्यांपुढे आहे. तेव्हा 1985 ला वाटलं, सुटलो. फुटेल त्याची आमदारकी जाईल, विषय संपला.

काय संपलं? एक झालं, व्हिप, म्हणजे अमुकच मत दे हा पक्षाचा हुकूम, पक्का झाला. तुझ्या-माझ्या आमदाराला सदनात स्वतःच्या अकलेनं मत देण्याची सोय उरली नाही. पक्षाला आळा घालायला निघालो आणि चाबूक पक्षाच्याच हातात देऊन आलो. एकतृतीयांश आमदार एकदम फुटले तर आमदारकी वाचायची, ती पळवाटही 2003 ला 91 वी दुरुस्ती करून बुजवली. तरी मार्च 2020 ला आपल्या राज्यात काय झालं? 22 आमदारांनी पक्ष सोडलाच नाही, नुसते राजीनामे दिले. सरकार पडलं, आणि नोव्हेंबरात त्यांतले बहुतेक नव्या चिन्हावर मतं मागायला परत दारात. आपल्या शेजारच्या सांवेरमध्येही तेच. दोन-दोन घटनादुरुस्त्या झाल्या, आणि तोड काय निघाली, तर एका ओळीचा राजीनामा.

आणि तुझी दुरुस्ती मंजूर कोण करणार, हा विचार केलास? कलम 368 तुला माझ्यापेक्षा चांगलं येतं. एकूण सदस्यांचं बहुमत, शिवाय हजर राहून मत देणाऱ्यांचे दोनतृतीयांश. ते सगळे तिकिटावर निवडून आलेले. मांजरांच्या सभेत मांजरबंदीचा ठराव मांडतेस.

पक्ष नसले की पैसा जातो, हेही डोक्यातून काढ. आपल्या राज्यात पंचायतीच्या निवडणुका पक्षाच्या चिन्हावर होत नाहीत. जा एखाद्या गावात सरपंचाच्या निवडणुकीला, रात्री मुक्काम कर, आणि काय काय उतरतं ते बघ.

मला जे सांगायचंय ते एवढंच आहे, आणि तू कंटाळलीस तरी पुन्हा सांगणार: वही बघ. पैसा आत आला तो घटनेच्या दारातून आला नाही. तो साध्या कायद्यातल्या एखाद्या ओळीतून आला, कुणी वही वाचत नव्हतं म्हणून आला.

1974 चं घे. उमेदवाराच्या खर्चाला मर्यादा होती, पण पक्ष त्याच्यासाठी उधळायचा तो पैसा कुणी मोजायचा नाही. ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालय म्हणालं, तोही उमेदवाराच्याच खात्यात धरा. महिना संपायच्या आत अध्यादेश आला, आणि मग लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम 77 ला एक स्पष्टीकरण चिकटलं: पक्षाचा खर्च उमेदवाराचा धरायचा नाही. घटनेला कुणी बोटसुद्धा लावलं नाही. पुढे 2003 ला ते स्पष्टीकरण आवळलं, पण पक्षानं स्वतः किती खर्च करावा याला आजही मर्यादा नाही.

2017 ला तेच. कंपनीनं तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या साडेसात टक्क्यांपर्यंतच देणगी द्यावी ही अट गेली, निवडणूक रोख्यांची वाट मोकळी झाली, आणि हे सगळं बजेटबरोबरच्या वित्त विधेयकातून! रोखे कुणी घेतले ते बँकेला ठाऊक, तुला-मला नाही. 16,000 कोटींहून जास्त रुपयांचे रोखे विकले गेले. 15 फेब्रुवारी 2024 ला पाच न्यायाधीशांनी ती योजना मोडली, ती कशाच्या जोरावर? घटनेच्या कलम 19 च्या. मतदाराला कळण्याचा हक्क आहे म्हणून. म्हणजे तू जिला बदलायला निघालीस तिनंच वही उघडून दिली. मार्चमध्ये याद्या बाहेर आल्या तेव्हा रोख्यांचे नंबर जुळवून कुणी कुणाला दिलं ते लावत बसणारी तुझ्याच वयाची पोरं होती. तू तेव्हा काय करत होतीस, विचारत नाही.

वहीचं एवढं वेड का, तेही सांगतो. हे मी तुझ्या बाबांनाही कधी सांगितलेलं नाही.

नव्वदच्या दशकातली विधानसभा. आमचा उमेदवार मास्तर होता, सज्जन, दोन धोतरांचा माणूस. मी मुनीम, म्हणून खर्चाचा हिशोब माझ्याकडे. निकालानंतर 30 दिवसांत तो द्यावा लागतो, आजही. रात्री दुकान बंद झालं की मी दोन वह्या मांडून बसायचो. कच्ची कीर्द, तिच्यात खरं. पक्की, तिच्यात शोभेल ते. जीप 22 दिवस फिरली, पक्कीत 4 दिवस. पत्रकं 10,000 छापली, लिहिली 1,000. चहा म्हणशील तर आमच्या कार्यकर्त्यांनी त्या महिन्यात 40 कपांच्या वर चहा घेतलाच नाही, असं सरकारदरबारी माझ्या अक्षरात नोंदलेलं आहे. मास्तरांनी न वाचता सही केली. माझ्यावर विश्वास होता ना.

आता तू म्हणशील, का लिहिलंत? अगं, समोरचा आमच्या दसपट खर्च करत होता! त्याची पक्की वही आमच्यापेक्षा बारीक होती. मर्यादा अशी तोकडी की खरं लिहिलं असतं आणि मास्तर जिंकले असते, तर त्यांची निवड कोर्टात गेली असती, आणि लबाड मात्र सुखरूप. तेव्हा सगळेच असं लिहायचे. मी काही वेगळं केलं नाही.

हे वाक्य मी गेली तीस वर्षं स्वतःला ऐकवतोय. असो. मास्तर हरलेच.

आणि जीपवाला? सहा महिन्यांत त्याचं अडलेलं काम मोकळं झालं. जिंकलेल्याकडून. त्यानं जिपा दोन्हीकडे दिल्या होत्या. मी कच्ची कीर्द उघडून बसलो तेव्हा दिसलं की त्याचं नाव आमच्या पक्क्या वहीत नव्हतंच. ते मीच गाळलं होतं. समोरच्यानंही गाळलं असणार. दोन मुनिमांनी मिळून एक माणूस अदृश्य केला.

आपल्याकडे दोन शब्द आहेत बघ, चंदा आणि वर्गणी. चंदा पक्षाचा, वर्गणी गणपतीची. वॉर्डातल्या गणपतीची वर्गणी मी अकरा वर्षं सांभाळली. विसर्जनानंतर जमाखर्च फळ्यावर लागायचा, आणि एका वर्षी एक आजी कापूर-उदबत्तीच्या खात्यात 11 रुपये कमी भरतात म्हणून तासभर भांडल्या होत्या. अकरा रुपयांसाठी! तेव्हा चिडलो होतो. मास्तरांच्या वेळी ती बाई आमच्या कार्यालयात असती तर मला दुसरी वही मांडता आली नसती. आमची पक्की वही मात्र कुणीच बघायला आलं नाही. एकसुद्धा माणूस नाही.

तर हे कर. निवडणूक संचालन नियम 1961, नियम 88. कुणाही माणसाला एक रुपया भरून उमेदवाराचा हिशोब बघता येतो. एक रुपया! आता तर स्कॅन करून संकेतस्थळावरही टाकतात, पण तू कागदच बघ, स्क्रीनवर नजर घसरते. पांढरी पानं रोजच्या खर्चाची, गुलाबी रोख रकमेची, पिवळी बँकेची. प्रचाराच्या काळात निदान तीनदा ती तपासली जातात, आणि निवडणूक खात्याची माणसं त्या उमेदवाराच्या खर्चाची आपली एक समांतर वहीही ठेवतात. सभा कोणत्या तारखेला झाली ते वर्तमानपत्रातून काढ आणि त्या दिवशी पांढऱ्या पानावर खुर्च्या किती आहेत ते बघ. गाड्यांच्या परवान्यांची संख्या आणि डिझेल जुळतं का बघ. आपल्याकडे विधानसभेला मर्यादा 40 लाख, लोकसभेला 95 लाख. कोण मर्यादेच्या निम्म्यातच थांबतो, त्याची वही आधी घे.

मी उशिरा का होईना, वह्या बघायला निवडणूक कार्यालयात जायला लागलो. पहिल्यांदा गेलो तेव्हा बाबूनं माझ्याकडे बघून विचारलं, "बाबूजी, आप किसकी तरफ से?" म्हटलं, "किसी की तरफ से नहीं." त्याला तो रकानाच सापडेना. बिचाऱ्यानं खुर्ची दिली, पाणी दिलं, वही दिली, आणि दर दहा मिनिटांनी येऊन बघून जायचा. मी चहाचं पान उघडून बसलो होतो. एका मोठ्या उमेदवाराचा चहा आमच्या मास्तरांपेक्षाही कमी होता.

तू म्हणशील, असं वही-वही करून काय होणार, काका? ठाऊक नाही मला काय होणार. वीस हजारांच्या आतली देणगी पक्षाला नावानिशी सांगावी लागत नाही. ज्याला लपवायचंय तो पावत्या फाडून तुकडे करतो, हे मला कळत नाही असं समजू नकोस. कायदा बदलायला हवा, पक्षाच्या खर्चाला मर्यादा हवी, सगळं मान्य. पण ते साध्या कायद्याचं काम आहे, आणि ते मागायला तुझ्या हातात दोन-चारशे वह्यांचा ताळा हवा. तुझ्या मसुद्यात एकही आकडा नाही. एकही नाही! दहा पानं आणि नुसती विशेषणं. माझ्या पेढीवर असा कागद आला असता तर मी पुड्या बांधायला दिला असता.

रागावू नकोस. रागावलीस तरी रविवारी ये. नऊच्या आत आलीस तर पोहे गरम मिळतील, जिलबी मी आणून ठेवतो. नंतर कपाटातून तुला एक गोष्ट काढून देणार आहे. पक्की वही सरकारात गेली, पण कच्ची कीर्द मी फेकली नाही. बायकोनं दोनदा रद्दीत घातली, दोनदा मी परत आणली. तिच्यापासून सुरुवात कर. एक रुपया आणायला विसरू नकोस, मी सोडणार नाही.

तुझा,
काका

ता. क. जीपच्या पानावर समासात पेन्सिलीनं एक नाव लिहिलंय. पुसट झालंय, उजेडात धरून वाच.